तीन विरुद्ध दोन

आयर्न बे,
११ नोव्हेंबर २०१२

प्रिय लेस,

तुझे तीन फोन येऊन गेले आणि मी एकही उचलला नाही. तिसऱ्या वेळी तू निरोप ठेवलास, "ऑगी, मेलास की काय? मेला असशील तर मार्गारेटला सांग, पैज मी जिंकलो." मेलो नाही. फोनच्या शेजारच्या खुर्चीतच बसलो होतो. तुझा आवाज पूर्ण ऐकला आणि मग उठून बाहेर जाऊन उगाच पायऱ्यांवरचा बर्फ काढत राहिलो. काढण्याइतका पडलाही नव्हता.

दर नोव्हेंबरला बेसबॉलच्या वरच्या लीगमधल्या उत्तम पिचरचं नाव जाहीर व्हायच्या आधी आपण तासभर भांडतो. तू टूसॉनच्या उन्हात बसून, मी इथे हीटरला पाय लावून. जास्त इनिंग टाकणाऱ्याच्या बाजूनं तू, कमी धावा देणाऱ्याच्या बाजूनं मी. यंदाही माझा माणूस ठरलेला आहे आणि तो तुझ्या माणसापेक्षा चांगला आहे, हे सिद्ध करायला मला दहा मिनिटं पुरली असती. पण भांडण संपताना तू दरवर्षी एक वाक्य बोलतोस, "माझ्या पिचरला तुझ्यासारखा वकील मिळायला हवा होता, मला मिळाला तसा." ते वाक्य यंदा मला ऐकवलं नसतं. म्हणून हे पत्र. रेडिओवर तीस वर्षं बोलून पोट भरलं, पण हे तोंडानं सांगायला गेलो तर मी ते गोड करून सांगीन, हे मला माहीत आहे. कागदावर तरी जरा सरळ चालता येईल.

आधी इथल्या बातम्या देतो, म्हणजे मला हात गरम करायला वेळ मिळेल. तुझ्या आईचं घर एका तरुण जोडप्यानं घेतलं, हिरवा रंग दिलाय, अगदी बेडकासारखा. धक्क्यावरची शेवटची क्रेन सप्टेंबरात उतरवली. आमच्या हिचा, मार्गारेटचा, गुडघा बदलला, आता ती माझ्यापेक्षा भरभर चालते आणि वळून बघते. मैदान शाळेकडे गेलंय. आपल्या गल्स संघाचं नाव फक्त तिकीटखिडकीच्या वरच्या फळीवर उरलंय, तेही 'ग' पुसट झालाय.

बस. आता शहाऐंशी साल.

तुला जुलैतला तो दिवस आठवत असेलच, पण मला तो माझ्या बाजूनं सांगू दे. सामना संपला होता. तुझ्याकडून एक-दोन वाक्यं घ्यायला मी ओइवाच्या मालिशखोलीत दार न वाजवता घुसलो. तू टेबलावर बसला होतास, उजवा हात खांद्यापर्यंत बर्फाच्या बादलीत आणि दातांत टॉवेल. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ओइवानं माझ्याकडे वळूनही न पाहता म्हटलं, "दार लाव." एवढंच. मग तूच टॉवेल काढून सांगितलंस. कोपरातला हाडं बांधून ठेवणारा दोर अर्धा तुटलाय, ओइवाच्या बोटांना कळलंय, संघाच्या डॉक्टरला दाखवलेलं नाही. वरच्या लीगमधल्या क्लबचा माणूस तुला तीनदा बघून गेला होता. ऑक्टोबरच्या पंधरा तारखेला कराराच्या कागदावर सही व्हायची होती. फेब्रुवारीत सरावशिबिराला जायचं होतं. मधे चार महिने विश्रांती मिळाली की हात भरून येईल, अशी तुझी आशा होती. तू एकोणतीस वर्षांचा होतास. "हे शेवटचं दार आहे ऑगी," तू म्हणालास, "तुझ्या माइकला यातलं अक्षर कळता कामा नये." मी तुझ्या डाव्या हातात हात दिला आणि शपथ घेतली.

आणि ती मी पाळली, लेस. पुढचे दोन महिने अगदी दिमाखात पाळली. तू वेगाचा चेंडू सोडून दिलास आणि वळणारे, रेंगाळणारे चेंडू टाकायला लागलास, तेव्हा मी हवेवर सांगायचो, "कुबियाक आज बॅटरांना खेळवतोय, मांजरानं उंदराला खेळवावं तसं." माझ्याशी बोलायला आलेल्या प्रत्येकाला मी हेच पटवलं. मला त्याचा अभिमान वाटायचा. आपल्याजवळ काहीतरी मोलाचं आहे आणि आपण ते पोटात ठेवलंय, या सुखातच मी तो उन्हाळा काढला. गुपिताची एवढी चव लागलेल्या माणसावर विश्वास ठेवू नये, हे आज कळतं.

आपल्या लीगच्या उत्तम पिचरचं पदक कुणाला द्यायचं, त्या मतदानाची बैठक तुला माहीत आहे तेवढीच मी आजवर सांगत आलो. आता सगळी सांगतो. लीगचा मोसम संपल्यावरचा सोमवार होता. मार्लो गावातल्या हॉटेलात वरच्या मजल्यावर आम्ही पाच जण बसलो होतो. टेबलावर मांस भरलेल्या पास्ट्या, कॉफी आणि मेव्हिसबाईंची वही. मेव्हिसबाई म्हणजे लीगच्या गुणलेखक. नवरा गेल्यावर त्याची पेन्सिल उचलून त्या जागेवर बसल्या आणि पुढे बावीस वर्षं हलल्या नाहीत. माझ्या समोर मार्लोच्या वर्तमानपत्राचा नॉर्बर्ट. त्याच्या शेजारी वॉरन हॅगर्टी, ज्याच्या आजोबांच्या नावानं पदक होतं. आणि टोकाला म्हातारा अंपायर क्लेम.

उमेदवार दोनच होते. तू आणि त्यांच्या मार्लोचा रेमी ब्रुसार. वीस वर्षांचा, हातात वीज. एकशे एकोणनव्वद जणांना त्यानं स्ट्राइकआउट करून बाद केलं होतं आणि नऊ इनिंगमागे जेमतेम दोन धावा दिल्या होत्या. तुझ्या अडीचच्या वर होत्या. नॉर्बर्टनं आकडे वाचून दाखवले आणि कागद उलटा ठेवला, जणू काही बोलायचं उरलंच नाही. मी म्हटलं, "रेमी सहाव्या इनिंगला आंघोळ करून, भांग पाडून बसलेला असतो. लेस नवव्या इनिंगला उभा असतो. त्यानं चाळीस इनिंग जास्त टाकल्यात. त्या काय हवेनं टाकल्या?" क्लेम म्हणाला, "मी मागे उभा असतो. लेसनं बारा वर्षांत एकदाही माझ्याकडे डोळे वटारून पाहिलं नाही. माझं मत त्याला." नॉर्बर्ट हसला, "क्लेम, हे पदक सभ्यपणाचं नाहीये." "असायला हवं," क्लेम म्हणाला आणि पास्टी खायला लागला. वॉरन रेमीकडे. दोन इकडे, दोन तिकडे. सगळ्यांनी मेव्हिसबाईंकडे पाहिलं.

मेव्हिसबाईंनी वही उघडली आणि बोट ठेवून पानं उलटली. "मला एक कळत नाही," त्या म्हणाल्या. "जूनपर्यंतचा लेस आणि ऑगस्टमधला लेस, ही दोन माणसं आहेत. हे हस्ताक्षर माझंच आहे, पण माणूस बदललाय. याला झालं तरी काय?" नॉर्बर्टनं खांदे उडवले. "वय झालं, बाई. ऑगस्टमध्ये त्याचा चेंडू माझ्या आजीनंही कुंपणापार मारला असता." मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तर त्यानं मला मधेच तोडलं, "तू राहू दे ऑगी. दर रविवारी कुबियाकबाईंच्या हातचे पिएरोगी हाणतोस. तुझं मत म्हणजे जेवणाची पोचपावती." सगळे हसले. क्लेमसुद्धा हसला. मेव्हिसबाईही ओठ दाबून हसल्या.

लेस, एवढंच होतं. कुणी मला धमकावलं नाही, कुणी दारू पाजली नाही. पाच माणसांच्या टेबलावर माझी थट्टा झाली आणि माझे कान तापले. मी म्हटलं, "माणूस बदललेला नाही, मेव्हिसबाई. तोच आहे, फक्त अर्ध्या हाताचा." आणि मग सगळं सांगितलं. तुटलेला दोर, बादली, दातांतला टॉवेल, प्रत्येक सामन्याआधी ओइवानं तासभर खपून बांधलेली पट्टी. अगदी तुझ्या डोळ्यांतलं पाणीही सोडलं नाही. आणि मी ते चांगलं सांगितलं. कुठे थांबायचं, कुठे आवाज खाली आणायचा, हे मला येतं. तोच माझा धंदा. लिहायला लाज वाटते, पण लिहितो. मला त्यात मजा येत होती. नॉर्बर्टचा चेहरा उतरताना मी पाहत होतो आणि तुझा विचार माझ्या मनात कुठेही नव्हता.

मेव्हिसबाईंनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाल्या, "मग प्रश्नच मिटला." तीन विरुद्ध दोन. नॉर्बर्टनं उठून माझ्याशी हात मिळवला, "हे आधीच का नाही बोललास रे?"

जिन्यावरून उतरताना माझ्या लक्षात आलं की हे कुणाला सांगू नका, असं मी म्हणालोच नाही. नॉर्बर्ट अजून वर कोट घालत होता. दहा-बारा पायऱ्या असतील. परत वर जाऊन म्हणायचं होतं, "मी बोलायला नको होतं, हे इथेच राहू द्या." पण तसं म्हणजे जिंकून आलेल्या माणसानं त्याच टेबलाशी मान खाली घालून उभं राहणं. मी तसाच खाली उतरलो आणि गाडीत बसलो. घरी येईपर्यंत स्वतःला पटवलं की वर्तमानपत्रवाल्यालाही अक्कल असते.

गुरुवारी त्याचा लेख आला. त्यानं तुला डोक्यावर घेतलं होतं, 'अर्ध्या हाताचा विजेता'. त्याच्या परीनं त्यानं तुझा मानच केला. आणि माझं नाव न घेता लिहिलं, 'संघाच्या आतल्या गोटातून कळतं'. मला वाचवायला लिहिलं, हे त्यानं नंतर मला स्वतः सांगितलं. त्या चार शब्दांनी ओइवाचा गळा कापला.

शुक्रवारी वरच्या क्लबचा फोन, शनिवारी डॉक्टर, रविवारी तुझा कागद रद्द. तू मालिशखोलीत शिरलास तेव्हा मी तुझ्या मागेच होतो. ओइवा बाटल्या पुसत होता. तू आधी माझ्याकडे वळलास. हे तुला आठवतं का, मला माहीत नाही. तू विचारलंस, "ऑगी, तू नाही ना बोललास?" आणि मी म्हटलं, "नाही." विचार करायला वेळच लागला नाही, इतक्या सहज आला तो शब्द. मग तू त्याच्याकडे वळलास. "तिघांनाच ठाऊक होतं," तू म्हणालास, "हा माझ्यासाठी भांडून पदक घेऊन आला, आणि तू मला विकलंस." ओइवा तुझ्याकडे बघतच नव्हता. तो तुझ्या खांद्यावरून माझ्याकडे बघत होता. त्याला त्याच क्षणी कळलं होतं. त्यानं बाटली खाली ठेवली आणि काहीच बोलला नाही. तू ते कबुलीच समजलास. मीही तुला तसं समजू दिलं.

दुखापत डॉक्टरपासून लपवली म्हणून त्याला सोमवारी काढलं. अठरा वर्षांची नोकरी. खोकं काखोटीला मारून तो फाटकातून गेला तेव्हा तू पाठ फिरवलीस. ज्याच्या वाफेच्या सौनात तू दर शनिवारी बसायचास, ज्यानं तुझ्या बापाच्या शवपेटीला खांदा दिला, त्याच्याशी तू पुन्हा बोलला नाहीस. सव्वीस वर्षं. तो पुढे लाकडाच्या गिरणीत लागला आणि तिथेच म्हातारा झाला.

पदक द्यायच्या समारंभात, पोलिश हॉलमध्ये, तू मला उभं केलंस. "हा माणूस नसता तर हे माझ्या हातात नसतं," असं म्हणालास. खरंच होतं ते. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि मी मान लववली. तुझी आई माझ्या गालाचा मुका घेऊन रडली.

स्वतःला द्यायला माझ्याकडे कारणं भरपूर होती. तू वरच्या क्लबला फसवत होतास, फेब्रुवारीत त्यांच्या डॉक्टरांना कळलंच असतं, हात कदाचित मार्चमध्येच गेला असता. कदाचित हे खरंही असेल. पण मी सांगितलं ते यासाठी नाही, आणि गप्प राहिलो तेही यासाठी नाही. आणखी एक सांगतो, मग तुला माझ्याबद्दल सगळंच कळेल. नॉर्बर्ट नव्याण्णवमध्ये गेला, मग क्लेम, मग वॉरन, दोन वर्षांपूर्वी मेव्हिसबाई. मी प्रत्येकाच्या अंत्यविधीला गेलो, दोनदा भाषणही केलं. आणि प्रत्येक वेळी परत येताना मला थोडं हलकं वाटलं.

मागच्या महिन्यात ओइवाच्या भाचीचा, आयलीचा, फोन आला. जुन्या सामन्यांच्या कॅसेट तुमच्याकडे आहेत का, मामाला ऐकायच्या आहेत, त्याची नजर गेलीय, असं म्हणाली. पोस्टानं पाठवता आल्या असत्या. का कोण जाणे, मी गाडीत घालून घेऊन गेलो. तो तालुक्याच्या वृद्धाश्रमात आहे. हात अजून तसेच आहेत, फावड्यासारखे, पण बाकी माणूस अर्धा झालाय. मी नाव सांगितलं. तो म्हणाला, "आवाजावरून कळलं. बस." त्यानं ऑगस्टचा सामना मागितला, मार्लोविरुद्धचा, तू नऊच्या नऊ इनिंग टाकल्या होत्यास तो. आम्ही पूर्ण ऐकला. सातव्या इनिंगला मी टेपवर म्हणतो, "कुबियाक आज किती ताजातवाना दिसतोय!" तेव्हा ओइवा इतका हसला की खोकला थांबेना, परिचारिका धावत आली.

ती गेल्यावर मी विचारलं, त्या दिवशी तू बोलला का नाहीस. आवाज रेडिओवरचा उरला नव्हता माझा. त्याला वाटलं असेल मी आता रडणार, म्हणून त्यानं हात वर केला. "मी बोललो असतो तर ती चुगली झाली असती," तो म्हणाला. "मला वाटलं, ऑगी भला माणूस आहे, दोन दिवसांत स्वतःच सांगेल. म्हणून थांबलो. मग आठवडा गेला. मग हिवाळा. मग थांबायची सवयच झाली." रागानं बोलला असता तर बरं झालं असतं. तो बस उशिरा आली असं सांगावं तसं सांगत होता. मी म्हटलं, मी लेसला लिहितो. तो म्हणाला, "तुझं तू बघ." घरी येऊन मी मार्गारेटला सगळं सांगितलं. ती तिचं विणकाम घेऊन दुसऱ्या खोलीत जाऊन बसली. आज तीन आठवडे झाले, आमचं बोलणं चहा-जेवणापुरतं आहे. तिचंही बरोबर आहे. तिनं दर नाताळला तुझ्या घरी केक पाठवलाय.

म्हणजे तुला वाटेल, ऑगीला सव्वीस वर्षांनी पाझर फुटला, म्हणून हे पत्र. तसं नाही. माझ्यावर सोडलं असतं तर मी कदाचित पाचव्या अंत्यविधीलाही भाषण करून आलो असतो. परवा आयलीचा पुन्हा फोन आला. ओइवाची मूत्रपिंडं गेलीत आणि यंत्राला लावून घ्यायला तो नको म्हणतोय. डॉक्टर म्हणतात, तीन आठवडे, फार तर नाताळ. त्यानं तुला बोलवा असं म्हटलेलं नाही, म्हणणारही नाही. पण ती सांगत होती की मामा सकाळी उठला की एकच विचारतो, "लेसचा कोपर थंडीत दुखतो का गं?" आणि ती म्हणते, "मला कसं माहीत, मामा?" मलाही माहीत नाही, मी कधी विचारलंच नाही. तू ये, लेस. टूसॉनहून मिनियापोलिसपर्यंत विमान आहे, तिथून पुढे माझा पुतण्या तुला गाडीनं आणेल. त्याचा नंबर मागच्या बाजूला लिहिलाय. मी फाटकाशीही उभा राहणार नाही, दिसणारही नाही. माझ्याशी काय करायचं ते नंतर ठरव, किंवा ठरवूच नकोस. तो अजून तोच प्रश्न विचारतोय तोवर जा, आणि त्याला उत्तर दे.

तुझाच म्हणवून घ्यायचा हक्क गमावलेला,
ऑगी